डांबर सोडून डोंगराकडे : धावणाऱ्या वाचकांचे प्रश्न

डोंगरातल्या धावण्याविषयी प्रश्न पाठवा, असं आवाहन आम्ही केलं होतं. बहुतेक पत्रं मुंबई-ठाण्याच्या रनिंग क्लबांतून आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे तपशील दिल्याशिवाय उपयोग नव्हता.

आमचा क्लब शिवाजी पार्कात जमतो. पन्नासेक सभासद आहेत आणि सगळ्यांची तयारी जानेवारीतल्या मॅरेथॉनची. डोंगरातल्या शर्यतीचा विषय निघाला की नेहमीचेच चार-पाच जण हात वर करतात, बाकीचे 'आपलं काम नाही ते' म्हणून मोकळे होतात. त्यांना तयार कसं करावं?
— क्लबची चिटणीस, दादर

'आपलं काम नाही' म्हणणाऱ्यांना एकेकटं गाठून विचारा. तीनच गोष्टी पुढे येतील : आपण सगळ्यांच्या मागे राहू, उतारावर पडू आणि वाट चुकू. दमाचा प्रश्न क्वचितच असतो. वरळी सी-फेसवर दोन तास पळणाऱ्या माणसाला दोन तास डोंगरात काढता येतात. म्हणून 'हिंमत करा, मजा येईल' असं सांगत बसू नका. या तिन्ही भीतींना जागाच राहणार नाही अशी पहिली खेप आखा.

पहिली खेप किलोमीटरमध्ये जाहीर करू नका, वेळेत करा. 'रविवारी ६ ते ८, दोन तास' एवढंच पुरे. दीड-दोन किलोमीटरचा एकच फेरा निवडा, त्यात ४०-५० मीटर चढ असावा. ज्याला जमेल त्याने तो एकदा मारावा, कुणी दोनदा, कुणी चारदा. सगळे दर वीस मिनिटांनी त्याच जागेवरून जातात, त्यामुळे कोण शेवटचा हे कळतच नाही. पाणी, पिशव्या, प्रथमोपचाराची पेटी एकाच ठिकाणी ठेवता येते. एखाद्याचा पाय मुरगळला तर तो पाच-दहा मिनिटांत खाली येतो. 'चला, कळसूबाई' अशी सुरुवात करणारे क्लब नेमकं उलटं करतात : लांबचा प्रवास, सरळ जाऊन परत येण्याची वाट आणि शेवटच्या माणसाची दीड तास वाट पाहणारे बाकीचे. तो शेवटचा माणूस पुन्हा येत नाही.

निमंत्रणाचा मजकूरही बदला. कड्याच्या टोकावर हात पसरून काढलेले फोटो टाकाल तर तेच चार-पाच येतील. त्याऐवजी साध्या गोष्टी लिहा : अंतर किती, चढ किती मीटर, वाट डांबरी की मातीची, स्वच्छतागृह कुठे, परतीची लोकल कितीची. स्वच्छतागृहाचा उल्लेख आवर्जून करा. तो नाही म्हणून न येणाऱ्या बायका बऱ्याच असतात आणि त्या तसं बोलून दाखवत नाहीत. रविवारी मेगाब्लॉक असेल तर तोही लिहा.

दोन आठवड्यांनी दुसरी खेप मातीच्या वाटेवर. त्यानंतर महिन्याभराने क्लबांतर्गत शर्यत, आणि ही फक्त चढाची. माथ्यावर शर्यत संपवा आणि सगळे मिळून चालत खाली या. नवशिक्यांची उताराची वेळ घड्याळावर लावणं म्हणजे मनगट मोडण्याची सोय करणं. फक्त चढाची शर्यत ही काही तडजोड नाही. डोंगरी धावण्याच्या जागतिक स्पर्धांतही तिचा स्वतंत्र प्रकार असतो.

या शर्यतीची सुरुवात उलट्या क्रमाने करा. आधीच्या खेपेतल्या वेळा बघा. सगळ्यात सावकाश सभासदाला चढाला ४० मिनिटं लागली असतील तर ती शून्यावर सुटेल. ज्याला २८ लागली तो १२ मिनिटांनी सुटेल. हिशेब बरा जमला तर सगळे पाचेक मिनिटांच्या अंतराने माथ्यावर पोचतात आणि कोण जिंकेल हे शेवटच्या वळणापर्यंत कळत नाही. क्लबात कायम तळाशी असणारी व्यक्ती यात पहिली येऊ शकते. दुसऱ्या दिवशी तीच चार जणींना घेऊन येते.

राहिले तुमचे उत्साही चार-पाच जण. त्यांना पुढे पळायला सोडू नका. त्यांतला सर्वांत दमदार माणूस पिछाडीला ठेवा. शेवटच्या सभासदाच्या मागे राहायचं आणि त्याला घाई करायची नाही, एवढंच त्याचं काम. दर खेपेला माणूस बदला. निघताना आणि परतल्यावर माणसं मोजा, नावं वाचून. 'सगळे आले ना?' या प्रश्नाला गर्दीतून नेहमी 'हो' असंच उत्तर येतं.

चढावर शेवटी चालावंच लागतं. मग याला धावणं म्हणायचं कशाला? चालताना मागून कुणी आलं की लाज वाटते.
— मुलुंड

उभ्या चढावर जगातले उत्तम डोंगरी धावपटूही चालतात. वाट जसजशी उभी होते, तसतसा पळण्यातला आणि जोरात चालण्यातला वेगाचा फरक घटत जातो, ताकद मात्र पळण्यात जास्त जाते. एका टप्प्यानंतर पळणारा फक्त दमतो, पुढे जात नाही.

कधी चालायचं? पाच-सहा शब्दांचं वाक्य एका दमात बोलता येईनासं झालं की लगेच. धाप लागल्यावर चालायला घेणं उशिराचं, कारण तोवर पोटऱ्या भरून आलेल्या असतात आणि माथ्यावरच्या सपाटीवर पळायला पाय उचलत नाहीत. सवयीसाठी २० पावलं पळा, २० चाला, असं मोजून करा.

चालण्याचंही तंत्र आहे. पाऊल आखूड ठेवा. कंबरेतून नव्हे, घोट्यांपासून पुढे झुका. चढ फारच उभा असेल तर तळहात मांडीवर, गुडघ्याच्या वाटीच्या चार बोटं वर टेकवा आणि प्रत्येक पावलाला खाली रेटा. वाटीवर हात ठेवू नका, भार थेट सांध्यावर जातो. टाच टेकवता येईल तिथे टेकवा. सतत चवड्यांवर चढणाऱ्यांच्या पोटऱ्या अर्ध्या तासात गोळे देऊ लागतात.

वेळेचा अंदाज बांधण्यासाठी एक जुना नियम कामाला येतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये तो मांडला : दर तीन मैलांना एक तास, आणि वर दर २,००० फूट चढाईला आणखी एक तास. त्यातून निघणारं गुणोत्तर असं की १ मीटर चढ म्हणजे साधारण ८ मीटर सपाट अंतर. हे धावणाऱ्यांनाही लागू पडतं. समजा, १० किलोमीटरच्या वाटेत ६०० मीटर चढ आहे. ६०० गुणिले ८ म्हणजे ४.८ किलोमीटर, म्हणजे एकूण १४.८ किलोमीटरचं काम. सपाटीवर तुम्ही किलोमीटरला ७ मिनिटं घेत असाल तर सुमारे १ तास ४४ मिनिटं. सह्याद्रीत घसारा (बारीक सुटे खडे) आणि दगडधोंड्यांची वाट असेल तर आम्ही यावर आणखी पाव हिस्सा वाढवून धरतो.

वय ५४. रस्त्यावर १० किलोमीटर आरामात पळते. डोंगर चढायला आवडेल, पण उतारावर गुडघे जातील अशी धास्ती आहे. घरचेही तेच म्हणतात.
— बोरिवली

ताई, आधी एक खात्री करून घ्या. जिना उतरताना वाटीखाली दुखतं का? दुखत असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. रक्तदाब किंवा हृदयाची तक्रार असेल तर डॉक्टरांशी बोला. दोन्ही नसेल तर ५४ हे वय आड येत नाही.

उतारावर खरा भार येतो तो मांडीच्या पुढच्या स्नायूवर. शरीर खाली येत असताना तो लांब होत होत ब्रेक लावतो, आणि अशा कामाने स्नायू फार दुखावतात. म्हणून पहिल्या उतारानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लोकलचा जिना उतरणंही जड जातं. मात्र एकदा थोडा उतार पचवला की तोच स्नायू पुढच्या वेळी पुष्कळ कमी दुखतो, आणि हा फायदा काही आठवडे टिकतो. तेव्हा उताराची मात्रा वाढवत न्यायची : पहिल्या खेपेला एकूण १०० मीटर उतार, दहा-बारा दिवसांनी १५०, मग २००. मधल्या दिवसांत घरी पायरीचा व्यायाम. १५ ते २० सेंटीमीटर उंचीच्या पायरीवर एका पायावर उभं राहायचं, दुसऱ्या पायाची टाच तीन सेकंद घेत हळूहळू जमिनीला लावायची, पुन्हा वर. एका पायाला ८ वेळा, असे ३ संच, आठवड्यातून दोनदा. आरशासमोर करा. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. तो आत वळत असेल किंवा एका बाजूचं कुल्लं खाली पडत असेल तर पायरी कमी उंचीची घ्या.

आता प्रत्यक्ष उतार. नवशिका माणूस भीतीने मागे रेलतो आणि टाच पुढे रोवतो. त्याने दोन गोष्टी होतात. ताठ गुडघ्यात दणका बसतो, आणि वजन पावलाच्या मागे राहिल्यामुळे टाच सटकते. उतारावर बहुतेक लोक पाठीवर पडतात ते असेच. पाऊल शरीराच्या खाली पडलं पाहिजे, पुढे नाही. त्यासाठी पावलं आखूड आणि भरभर हवीत, सपाटीपेक्षाही जास्त. गुडघे कायम किंचित वाकलेले. कोपरं बाहेर, हात सैल, तोल सावरायला. नजर बुटांवर नको, तीन-चार मीटर पुढे, म्हणजे पुढची चार पावलं आधीच ठरलेली असतात. वाट उभी झाली की सरळ खाली न उतरता थोडं नागमोडी जा.

घसाऱ्यावर, म्हणजे कडक जमिनीवर बारीक सुटे खडे पसरलेले असतात तिथे, बेअरिंगच्या गोळ्यांवर पाय ठेवल्यासारखं होतं. वाटेच्या मधोमध खडे जास्त असतात, कडेला गवताच्या मुळांनी धरलेली माती असते. पाय तिथे टाका. रुतलेला मोठा दगड चालेल, हलणारा मध्यम दगड नको. थोडं घसरणं होणारच. तेव्हा शरीर आणखी खाली घ्या आणि पाय चालू ठेवा, थांबायला गेलात की पडाल. पुढच्या माणसापासून पाच-सहा मीटर अंतर राखा. पायाखालून दगड सुटला तर 'दगड!' म्हणून मोठ्याने ओरडा, संकोच करू नका.

आणखी एक : उतारावर पाय बुटात पुढे सरकतो आणि अंगठ्याचं नख काळं पडतं. बुटाला घोट्याजवळ सगळ्यात वर एक जादा भोक असतं, ते बहुतेकांनी कधी वापरलेलंच नसतं. नाडी त्याच बाजूच्या त्या भोकातून आत घालून छोटा फासा करा, समोरच्या नाडीचं टोक त्या फाशातून ओवा, दोन्ही टोकं खाली आणि मागे ओढा, मग गाठ मारा. टाच मागे बसते आणि पाय पुढे जात नाही. नखं दोन दिवस आधी सरळ कापा.

मुंबईत डोंगर कुठे आहेत? सरावासाठी दर वेळी कर्जत-कसारा परवडत नाही.
— अंधेरी, परळ आणि वाशी येथून आलेली पत्रं

दर वेळी जायची गरजच नाही. महिन्यातून एकदा सह्याद्री, बाकी सराव शहरात.

जिना ही मुंबईकराची हक्काची टेकडी. एक मजला साधारण ३ मीटर धरा. २० मजल्यांची इमारत ५ वेळा चढलात की ३०० मीटर चढ झाला. पहिले तीन आठवडे चढताना जिना, उतरताना लिफ्ट, म्हणजे पोटऱ्या आणि दम तयार होतो आणि मांड्या वाचतात. पुढे उतरणंही धरा. सोसायटीची परवानगी घ्या आणि सकाळी लवकर करा. आगीच्या वेळी वापरायच्या बंद जिन्यात हवा खेळत नाही, त्यामुळे घाम अतोनात येतो आणि लाद्यांवर पडलेल्या थेंबांवर पाय घसरतो. एक लक्षात ठेवा, जिन्याची पायरी सपाट असते. घोट्याला तिरकं पाऊल टाकायची सवय त्यातून लागत नाही, त्यासाठी उतरती जमीनच हवी.

दक्षिण मुंबईत गिरगाव चौपाटीहून मलबार हिलवर हँगिंग गार्डनपर्यंतचा चढ आहे. चढ फार नाही, पण पहाटे रहदारी कमी असते आणि फेरे मारता येतात. पेडर रोडचा चढ मॅरेथॉनवाल्यांना पाठच असतो. नवी मुंबईकरांना बेलापूरची पारसिक टेकडी आणि खारघरची टेकडी आहे. मात्र पावसाळ्यात तिथे जायला बंदी आहे का, हे निघण्याआधी पाहा.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात मुख्य दारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा डांबरी रस्ता सहा-सात किलोमीटरचा आहे आणि शेवटी चांगला चढतो. रस्ता सोडून आतल्या पायवाटांवर वनखात्याच्या परवानगीशिवाय जायचं नाही. ठाण्याच्या येऊरलाही हेच. हे बिबट्याचं रान आहे. पहाटेच्या अंधारात एकट्याने, कानांत इयरफोन घालून पळू नका. तीन-चार जण बोलत जा. नाडी बांधायला वाटेत एकट्याने खाली बसू नका.

मध्य रेल्वेवर नेरळ सोयीचं आहे. तिथून माथेरान साधारण साडेसातशे मीटर वर. दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारी नाहीत, त्यामुळे वरच्या लाल मातीच्या वाटा पळायला उत्तम. घोड्यांना मात्र वाट द्या, आणि त्यांच्या मागून आवाज न देता धावत जाऊ नका.

चढ मोजताना मनगटावरच्या घड्याळावर फार विसंबू नका. उपग्रहावरून घेतलेली उंची पाच-पन्नास मीटर सहज चुकते, आणि हवेच्या दाबावर चालणारं घड्याळ पावसाळी हवेत दाब बदलला की फसतं. समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा रेषांनी जोडलेला नकाशा जास्त खात्रीचा.

वेगळे बूट घ्यावेच लागतील का?
— चेंबूर

पहिल्या तीन-चार खेपांना नाही. रस्त्याचे बूट चालतात, फक्त तळवा गुळगुळीत झालेला नको आणि टाच फार जाड, उंच नको. उंच टाचेवर घोटा लवकर मुरगळतो. पुढे घ्यायचे झाले तर तळाला ४-५ मिलिमीटरचे दात असलेले, पुढच्या बाजूला बोटांसाठी अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असलेले घ्या. दात माती-चिखलात धरतात. शेवाळलेल्या ओल्या कातळावर कुठलाच बूट धरत नाही. तिथे चालायचं, हात टेकायचे.

पाणी, खाणं आणि सोबत काय घ्यावं?
— डोंबिवली

आपल्या दमट हवेत तासाला अर्धा लिटर पाणी ही सुरुवात धरा, मग स्वतःचं माप काढा. तासभर पळण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. जेवढं घटलं, अधिक मध्ये प्यायलेलं पाणी, तेवढा तुमचा तासाचा घाम. तो सगळा भरून काढायचा नाही. घामापेक्षा जास्त साधं पाणी पीत राहिलात तर रक्तातलं मीठ पातळ होऊन उलट्या, गोंधळल्यासारखं होणं, झटके इथपर्यंत जाऊ शकतं. ओआरएसचं पाकीट एक लिटरचं असेल तर एक लिटर पाण्यातच घाला. अर्ध्या लिटरात घातलेलं पाणी पोटात ढवळतं.

दीड तासाच्या आत असाल तर खाण्याची गरज नाही. त्यापुढे तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. साधे चार-पाच खजूर म्हणजे २५-३० ग्रॅम. राजगिऱ्याचा लाडू, केळं चालतं. चिक्की चढावर धाप लागलेली असताना खाऊ नका, ठसका लागतो.

पाठीवरच्या पिशवीत शिट्टी, वाऱ्या-पावसाचं पातळ जाकीट, पूर्ण चार्ज केलेला फोन जाड प्लास्टिकच्या पिशवीत, १५ सेंटीमीटर रुंदीचा क्रेप बँडेज, थोडे रोख पैसे आणि रक्तगट व घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. क्लबच्या तीन माणसांमागे निदान एक विजेरी, दिवसाची खेप असली तरी.

साप चावला तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट बांधायचं नाही. पाय न हलवता माणसाला उचलून खाली आणा, १०८ ला फोन करा आणि प्रतिविष मिळेल त्या रुग्णालयात न्या.

मुलगी शिकायला लीड्सला गेली आहे. तिथल्या क्लबात 'फेल रेस'ला ये म्हणतात. हा काय प्रकार? तिने जावं का?
— विलेपार्ले

जरूर जावं. उत्तर इंग्लंडमध्ये झाडं नसलेल्या, गवताच्या उघड्या डोंगरांना फेल म्हणतात. त्यांवरच्या शर्यती ही तिथली जुनी परंपरा आहे. स्कॉटलंडच्या १,३४५ मीटर उंच बेन नेव्हिसवर पळून वेळ लावल्याची नोंद १८९५ ची आहे. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये बॉब ग्रॅहम यांनी १९३२ मध्ये २४ तासांच्या आत ४२ शिखरं पालथी घातली. तो फेरा पुरा करायला आजही लोक वर्षभर तयारी करतात. याच भागातले मेंढपाळ जॉस नेलर या खेळातलं फार मोठं नाव. २०२४ मध्ये ते गेले.

तिथली फेल रनर्स असोसिएशन १९७० पासून आहे. शर्यतींची प्रतवारी दोन अक्षरांत लिहितात. पहिलं अक्षर चढाचं : 'ए' म्हणजे किलोमीटरला सरासरी किमान ५० मीटर चढ, 'बी' म्हणजे किमान २५, 'सी' म्हणजे किमान २०. दुसरं लांबीचं : 'एस' १० किलोमीटरच्या आत, 'एम' १० ते २०, 'एल' त्यापुढे. तुमच्या मुलीने 'सीएस' किंवा 'बीएस' पासून सुरुवात करावी. 'एएस' लहान दिसते म्हणून फसू नये. ती छोटी असते, पण भिंतीसारखी उभी असते. उन्हाळ्यात आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी अशा छोट्या शर्यती होतात. पुष्कळ ठिकाणी त्याच दिवशी नाव देता येतं आणि शुल्क मोठ्या मॅरेथॉनच्या मानाने फार कमी असतं.

आपल्याकडच्या माणसाला दोन गोष्टी नवीन वाटतील. अनेक शर्यतींत खुणा लावलेल्या नसतात. ठरलेल्या चौक्यांना हजेरी लावायची, मधली वाट आपली आपण शोधायची. म्हणून नकाशा आणि होकायंत्र वापरायला तिने आधी शिकावं. तिथले क्लब शिकवतात. दुसरी गोष्ट थंडी. जूनमध्येही माथ्यावर पाऊस-वारा आला की अंग गारठून माणूस बेशुद्ध होऊ शकतो. त्यामुळे पूर्ण अंग झाकणारे जलरोधक कपडे, टोपी, हातमोजे, शिट्टी, नकाशा, होकायंत्र आणि थोडं खाणं जवळ ठेवायला सांगतात. सुटताना ते तपासलंही जातं. आणि शर्यत अर्ध्यात सोडली तरी शेवटच्या रेषेवर जाऊन तसं सांगायलाच हवं. नाहीतर अंधारात तिला शोधायला माणसं डोंगरावर जातील.

ही प्रतवारी मुंबईच्या क्लबांनीही वापरावी असं आम्हाला वाटतं. 'सोपा ट्रेल' म्हणजे काय हे प्रत्येकाचं वेगळं असतं. '६ किलोमीटर, चढ १५० मीटर, म्हणजे किलोमीटरला २५' असं सांगितलं की ऐकणाऱ्याला आपलं आपण ठरवता येतं.

पावसाळ्यात जावं का?
— कल्याण

डांबरी घाटरस्त्यावर जा. मातीच्या वाटांवर रुळलेल्या लोकांनीच जावं, आणि ओढे ओलांडाव्या लागणाऱ्या वाटा टाळाव्यात. घाटमाथ्यावर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही अर्ध्या तासात पाणी मांडीला लागतं. धुक्यात मळलेली वाट आणि ढोरवाट सारखीच दिसते. ढोरवाट कारवीत नाहीतर कड्यापाशी जाऊन संपते. वाट हरवली तर नाळेतून, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीतून, खाली उतरायला जाऊ नका. शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे या. जमत नसेल तर एकत्र थांबा आणि मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांत, असं करत राहा. मिनिटात तीन शिट्ट्या ऐकू आल्या तर ते उत्तर समजा.

पाऊस सरल्यावर वेगळी काळजी. किल्ल्यांच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात. अत्तर लावून, आरडाओरडा करत त्यांच्या खालून जाऊ नका.

जानेवारीची मॅरेथॉन आणि डोंगर, दोन्ही जमेल? पहिली शर्यत कोणती घ्यावी?
— ठाणे आणि घाटकोपर येथील वाचक

जमतं, वेळापत्रक नीट लावलं तर. जून ते सप्टेंबर हे चार महिने डोंगराला द्या, नवख्यांनी वर सांगितल्याप्रमाणे डांबरी घाटरस्त्यांवर. तेव्हा मॅरेथॉनच्या लांब पल्ल्याचा जोर नसतो आणि चढ-उताराची ताकद पुढे उपयोगी पडते. डोंगराची खेप त्या आठवड्यातल्या लांब पळण्याच्या जागी घ्या, तिच्यावर जादा नको. ऑक्टोबरपासून पंधरा दिवसांतून एकदा, आणि मॅरेथॉनच्या आधीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत उतार पूर्ण बंद. दुखऱ्या मांड्या घेऊन ४२ किलोमीटरला उभं राहण्यात अर्थ नाही.

पहिली म्हणून सातारा हिल हाफ मॅरेथॉन चांगली. २०१२ पासून होते, सहसा पावसाळ्याच्या शेवटी. यवतेश्वर घाट चढून कासच्या रस्त्यावरून परत यायचं, सगळा रस्ता डांबरी, त्यामुळे वाट चुकण्याचा किंवा घसाऱ्याचा प्रश्न नाही आणि चढ-उतार मात्र खराखुरा मिळतो. खऱ्या पायवाटांची ओढ लागली तर सिंहगड-राजगड-तोरणा भागातली एसआरटी अल्ट्रा आहे. तिच्यात ११ किलोमीटरपासून १०० किलोमीटरपर्यंतची अंतरं असतात. ११ ने सुरुवात करा. ती सहसा डिसेंबरात येते, म्हणजे जानेवारीच्या मॅरेथॉनला खेटून. त्या वर्षी दोहोंतली एकच मनापासून पळा, दुसरी आरामात.

नाव देण्याआधी अंतर आणि एकूण चढ शोधून काढा, वरचा आठपटीचा हिशेब करा, त्यात पाव हिस्सा मिळवा आणि आयोजकांनी दिलेल्या कट-ऑफशी, म्हणजे शर्यत पुरी करायच्या कमाल वेळेशी, ताडून पाहा. निदान अर्धा तास हाताशी उरत असेल तर पैसे भरा. उरत नसेल तर त्याच शर्यतीतलं लहान अंतर घ्या.